मदत हवी आहे : बाबांना इथे गळ टाकायला लायसन्स लागतं का?

खाडीकाठचा_मुलगा
बाबा देवगडहून आलेत, ३ महिने आहेत. वय ७१. घरात बसून कंटाळलेत म्हणून धक्क्यावर सोडतो. काल कुणीतरी बोर्डाकडे बोट दाखवून काहीतरी बोललं, बाबांना कळलं नाही. लायसन्स लागतं का? शनिवारी परत जायचंय, लवकर सांगा.

तर्कट
कुठल्या राज्यात? कुठल्या पाण्यात? देवगडात असाल तर नाही लागत.

खाडीकाठचा_मुलगा
न्यू जर्सी हो. सगळे इथेच तर आहेत.

रॅरिटनकाठी
गोड्या पाण्यात १६ ते ६९ वयाला लायसन्स. ट्राउट हवा असेल तर वेगळा स्टॅम्प. ७० नंतर फुकट, चिंता नको.

अवलअव्वल
चूक! फुकट फक्त रहिवाशांना. पाहुण्याला नॉन-रेसिडेंट लायसन्स, ७ दिवसांचंही मिळतं. खाऱ्या पाण्यात लायसन्स नाही, पण वर्षाची नोंदणी करायची, तीही फुकट. आणि स्ट्राइप्ड बास हा मासा लागलाच तर २८ ते ३१ इंचांतलाच ठेवायचा, तोही एकच. आमिष लावत असाल तर सर्कल हुकच, म्हणजे टोक आत वळलेला गोल गळ. मी गेल्या मोसमात ३० इंची…

तर्कट
बासाचं कुणी विचारलंय? धागाकर्ते, बाबा पकडतात काय?

खाडीकाठचा_मुलगा
मासे नाहीत, कुर्ल्या. दोरीला जाळीचा पिंजरा, आत कोंबडीची तंगडी. एलिझाबेथच्या धक्क्यावर. १४ मिळाल्या, फ्रीझरमध्ये आहेत.

रॅरिटनकाठी
हे आधी सांगायचं ना! हाताने ओढायच्या पिंजऱ्याला लायसन्स नाही. पण तो धक्का आर्थर किल नावाच्या खाडीवर आहे. न्यूअर्क बे आणि आसपासच्या सगळ्या खाड्यांत निळ्या कुर्ल्या पकडायलाच बंदी आहे, खाणं तर दूरच. बोर्डावर तेच लिहिलेलं असणार.

उगाच_एक
'किल' म्हणजे डचांच्या भाषेत ओढा, पण नाव शोभलं!

मालवणी_मसाला
मागच्या वर्षी आम्ही केलेलं कालवण. पेंदे (कुर्लीचं मधलं अंग) नीट धुवा, नांग्या वाटून रस काढा, काही होत नाही.

रॅरिटनकाठी
ताई, हे धुऊन जात नाही. न्यूअर्कच्या कारखान्यात व्हिएतनाम युद्धासाठी एजंट ऑरेंज हे झाडांची पानं झडवणारं रसायन बनायचं, त्यातलं डायॉक्सिन हे विष पसॅइक नदीच्या गाळात बसलंय. कुर्ली तो गाळ चिवडते. सर्वांत जास्त विष पेंद्यातल्या हिरवट पिवळ्या भागात, आणि आपण नेमका तोच चमच्याने रश्श्यात ढवळतो.

मालवणी_मसाला
ती लाख असते.

रॅरिटनकाठी
लाख म्हणजे अंडी, ती केशरी. हिरवं ते कुर्लीचं यकृत.

तर्कट
१९८४ पासून ती कारखान्याची जागा सुपरफंड यादीत, म्हणजे सरकारच्या अतिविषारी जागांच्या यादीत आहे. नदीच्या खालच्या ८.३ मैलांच्या साफसफाईचा आराखडा २०१६ साली ठरला, खर्च सुमारे १.४ अब्ज डॉलर. शनिवारपर्यंत होईल असं दिसत नाही.

क्वीन्सवासी
त्या धक्क्यावर बाटल्यांचा खच असतो. आमच्या न्यूयॉर्कात बाटलीमागे ५ सेंट परत मिळतात, लोक उचलून नेतात. तुमच्याकडे ते नाही.

अवलअव्वल
आमच्याकडे १९८७ पासून कचऱ्याचं वर्गीकरण सक्तीचं आहे!

क्वीन्सवासी
सक्ती डब्यापर्यंत. धक्क्यावर काय?

तर्कट
वेगळा धागा काढा.

खाडीकाठचा_मुलगा
बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले, "साठ वर्सा कुर्ल्यो खातंय, माका काय शिकयतंस?" मग विचारलं, ह्यो गाळ आपल्या खाडीत आसा काय? नाही म्हटल्यावर गप्प. टाकून देऊ का? आईने नारळ खवून ठेवलाय.

रॅरिटनकाठी
टाका. बाबांना दक्षिणेला बार्नेगॅट बेकडे न्या, कुर्ल्यांसाठी तीच जागा. टोकापासून टोकापर्यंत साडेचार इंचांपेक्षा लहान असेल तर सोडायची, पोटाला अंडी असलेली मादीही सोडायची.

मालवणी_मसाला
नारळ वाया घालवू नका. कोळंबीचं करा.

खाडीकाठचा_मुलगा
बार्नेगॅटला पार्किंग मिळतं का?