किशोरवयीन मुलांना वैयक्तिक प्रार्थनेची आणि बायबल वाचनाची सवय कशी लावावी? मदत हवी आहे

तेवती_वात
नमस्कार. आमच्या मंडळीतील किशोरवयीन मुलामुलींच्या गटाची जबाबदारी माझ्याकडे आहे. मुले रविवारी नियमित येतात, गीते मनापासून गातात आणि शिबिरात तर डोळ्यांत पाणी आणून प्रार्थना करतात. परंतु घरी गेल्यावर बायबल उघडत नाहीत आणि एकट्याने प्रार्थनाही करीत नाहीत. वर्षभरात संपूर्ण पवित्र शास्त्र वाचून काढण्याचा तक्ता दिला, रोज आठवण करून देणारा मोबाइलवरील गट तयार केला, बक्षिसेही ठेवली. दरवर्षी जानेवारीत उत्साह असतो आणि फेब्रुवारी सरेपर्यंत सगळे थंडावते. पुढच्या वर्षाचा कार्यक्रम लवकरच ठरवायचा असल्यामुळे मला प्रत्यक्षात चालणारी पद्धत हवी आहे. "मुलांसाठी प्रार्थना करा" एवढाच सल्ला कृपया देऊ नये. ती आम्ही करतोच.

जुनी_पाने
काही गोष्टी कळल्याशिवाय उत्तर देणे कठीण आहे. मुलांची वये काय आहेत? तेरा आणि सतरा या वयांत फार अंतर असते. तक्ता कोणत्या प्रकारचा आहे? प्रत्येकाकडे स्वतःचे बायबल आहे का आणि घरात थोडा वेळ एकटे बसता येईल अशी जागा आहे का? शिवाय, मुले घरी वाचत नाहीत हे तुम्हाला कसे कळते?

पहाटेचा_प्रहर
वये आणि तक्ते यांत शिरण्याची गरज नाही. पहाट हेच उत्तर आहे. मार्क 1:35 मध्ये प्रभू येशू अंधार असतानाच उठून एकांतस्थळी प्रार्थनेला गेला असे स्पष्ट लिहिले आहे. पाचव्या स्तोत्राचा कर्ताही प्रातःकाळीच आपली विनंती देवापुढे मांडतो. मी तरुणपणी पहाटे उठायला लागलो आणि माझे आत्मिक जीवन तेव्हापासून सावरले. मुलांना लवकर उठवा, बाकीचे आपोआप घडेल.

सांजस्तोत्र
पहाटेचा_प्रहर, तुमच्या अनुभवाबद्दल आदर आहे, परंतु तो सर्वांना नियम म्हणून लावू नये. वयात येताना शरीराचे झोपेचे चक्र पुढे सरकते, हे वैद्यकशास्त्राने दाखवून दिले आहे. या वयातील मुलांना रात्री उशिरा झोप येते आणि पहाटे जाग येत नाही, त्यात आळस असतोच असे नाही. अर्धवट झोपेत उघडलेल्या पानावरून डोळे नुसते फिरतात. शास्त्रात एकच वेळ सांगितलेली नाही. स्तोत्र 63 मध्ये अंथरुणावर पडल्यापडल्या देवाचे स्मरण आहे, स्तोत्र 55 मध्ये संध्याकाळ, सकाळ आणि दुपार अशा तिन्ही वेळा आहेत, आणि दानीएलही दिवसातून तीनदा गुडघे टेकत असे. रोज निश्चितपणे घडणाऱ्या एखाद्या गोष्टीला वाचन जोडून द्यावे, उदाहरणार्थ शाळेतून आल्यावर कपडे बदलून झाले की लगेच. नेमकी घटिका कोणती, याला महत्त्व कमी आहे.

तेवती_वात
वये तेरा ते सतरा आहेत. गटाचे नावच किशोर गट असल्यामुळे वेगळे लिहिले नव्हते. तक्ता उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत सरळ क्रमाने, रोज तीन ते चार अध्याय असा आहे. बायबल सर्वांकडे आहे. मुले दर आठवड्याला वाचलेल्या अध्यायांची संख्या लिहून देतात आणि ती आम्ही रविवारी सभेत वाचून दाखवितो, म्हणजे मागे पडलेल्यांना प्रेरणा मिळते. घरच्या परिस्थितीचा येथे संबंध नाही. मला गटात काय करता येईल ते सांगावे.

अंजिराच्या_झाडाखाली
गटातील मुलांची संख्या वाढवायची असेल तर वाद्यवृंद आणि नाटिका यांचा फार उपयोग होतो. दोन मोठ्या मुलांवर स्वागताची जबाबदारी द्यावी, नव्या मुलांशी पहिल्याच दिवशी कोणीतरी आवर्जून बोलावे आणि वाढदिवस लक्षात ठेवावेत.

तेवती_वात
सूचनेबद्दल आभारी आहे, परंतु संख्या वाढविण्याचा प्रश्न मी विचारलेला नाही. मुले येतात. ती घरी एकटी असताना काय घडते, हा माझा प्रश्न आहे.

जुनी_पाने
आता चित्र बरेच स्पष्ट झाले. बायबलमध्ये 1,189 अध्याय आहेत, म्हणजे वर्षभरात संपवायचे तर रोज सरासरी सव्वातीन अध्याय वाचावे लागतात. उत्पत्तीचे 50 आणि निर्गमाचे 40 मिळून 90 अध्याय झाले. याचा अर्थ जानेवारीच्या अखेरीस मूल लेवीय पुस्तकात पोहोचते. होमार्पणाचे नियम, त्वचारोगाची तपासणी, शुद्ध आणि अशुद्ध प्राणी असे 27 अध्याय आणि त्यामागोमाग गणना या पुढच्या पुस्तकातील वंशावळ्या व शिरगणती. तुमचा गट फेब्रुवारीत थंडावतो याचे हे एक साधे कारण आहे. लेवीय हे मौल्यवान पुस्तक आहे, परंतु सोबत कोणी समजावून सांगणारे नसेल तर तेरा वर्षांच्या मुलाला ते एकट्याने पेलत नाही. प्रेषितांची कृत्ये, अध्याय 8 मधला कूशी अधिकारी रथात बसून यशया वाचत होता आणि फिलिप्पाने विचारल्यावर, कोणी वाट दाखविल्याशिवाय मला कसे समजेल, असे तोच म्हणाला. तो तर मोठ्या हुद्द्यावरचा शिकलेला माणूस होता.

माझी सूचना अशी की, मार्कच्या शुभवर्तमानापासून सुरुवात करावी. ते चारही शुभवर्तमानांत सर्वांत लहान, म्हणजे 16 अध्यायांचे आहे. रोज अर्धा अध्याय घेतला तर साधारण महिनाभरात पूर्ण होते. मुलाला एखादे पुस्तक आपण पूर्ण वाचले हे समाधान मिळू द्या. त्यानंतर काही निवडक स्तोत्रे, मग लूक किंवा रूथ घ्यावे.

आणि साप्ताहिक आकडे सभेत वाचून दाखविणे थांबवावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. मत्तय 6:6 मध्ये प्रभूने खोलीत जाऊन दार लावून घेण्यास सांगितले आहे. ज्या गोष्टीचा आकडा रविवारी सर्वांसमोर घोषित होणार आहे, ती गोष्ट मूल सभेसाठी करते. मागे पडलेल्याला त्यातून प्रेरणा मिळण्यापेक्षा खोटा आकडा लिहिण्याचा मोह होण्याचीच शक्यता अधिक.

रोजचा_मान्ना
केवळ अर्धा अध्याय म्हणजे मुलांना कमी लेखणे आहे. दोष सरळ क्रमाच्या तक्त्यात आहे, तक्त्याच्या कल्पनेत नाही. स्कॉटलंडमधील पाळक रॉबर्ट मरे मॅकचेन यांनी 1842 मध्ये तयार केलेली योजना द्यावी. तिच्यात रोज चार वेगवेगळ्या ठिकाणचे अध्याय येतात, वर्षभरात जुना करार एकदा आणि नवा करार व स्तोत्रे दोनदा वाचून होतात आणि कंटाळा येत नाही. माझे स्वतःचे वाचन अनेक वर्षे याच योजनेवर चालले आहे.

जुनी_पाने
रोजचा_मान्ना, योजना उत्तमच आहे, परंतु स्वतः मॅकचेन यांनीच तिच्यासोबत तिचे धोकेही लिहून ठेवले होते: वाचन केवळ उपचार होणे, ठरलेला भाग पूर्ण केल्याचे आत्मसमाधान वाटणे, घाईघाईने वाचणे आणि काहींना ते जड जू वाटू लागणे. प्रौढांच्या मंडळीसाठी ज्याने हे लिहिले, त्याची सावधगिरी आपण मुलांच्या बाबतीत अधिकच पाळावी.

अखंड_ज्योत
मोबाइलची मदत का घेत नाही? 2008 पासून उपलब्ध असलेल्या यूव्हर्जन ॲपमध्ये अनेक भाषांतरे आहेत, लहान लहान वाचनयोजना आहेत आणि सलग किती दिवस वाचले हेही दिसते. मुलांच्या हातात मोबाइल असतोच.

सांजस्तोत्र
भाषांतरांची तुलना करण्यासाठी आणि ऐकण्यासाठी ॲप जरूर वापरावे. सलग दिवसांच्या मोजणीबद्दल मात्र मला शंका आहे, कारण एक दिवस चुकला की आकडा शून्यावर येतो आणि मूल म्हणते, आता सगळेच गेले. सवयी कशा जडतात यावर लंडनमधील संशोधकांचा 2010 मध्ये प्रकाशित झालेला अभ्यास आहे. त्यात 96 जणांनी भाग घेतला होता. नवी कृती अंगवळणी पडायला मध्यम मानाने 66 दिवस लागत होते, परंतु माणसामाणसांतील फरक 18 पासून 254 दिवसांपर्यंत होता. आणि एखादा दिवस चुकल्याने सवय घडण्यात फारसा अडथळा येत नव्हता. अभ्यास खाण्यापिण्याच्या आणि व्यायामाच्या सवयींवर होता, प्रार्थनेवर नव्हता, हे मान्य. तरीही मुलाला एवढे नक्की सांगता येईल की काल राहिले असेल तर आज पुन्हा बसावे, राहिलेले अध्याय भरून काढत बसू नये.

तीन_मुलांची_आई
तेवती_वात, घरच्या परिस्थितीचा संबंध नाही, या तुमच्या वाक्याशी मी सहमत होऊ शकत नाही. अनुवाद 6:7 मध्ये ही वचने घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना मुलांशी बोलावीत असे सांगितले आहे आणि तीमथ्याचा विश्वास त्याची आजी लोईस व आई युनीके यांच्यात प्रथम होता, असे पौल लिहितो. मुलाने आईवडिलांना जेवणापूर्वीच्या प्रार्थनेव्यतिरिक्त कधी प्रार्थना करताना पाहिलेच नसेल, तर खोलीत जाऊन दार लावल्यावर पुढे काय करायचे असते हे त्याला कोठून कळणार?

माझी मोठी मुलगी "वाच" म्हटले की चिडत असे. मी सांगणे सोडले आणि रात्री तिच्याच खोलीत माझे बायबल घेऊन बसू लागले. काही दिवसांनी तिने स्वतःहून विचारले, मग आम्ही मार्कचा चौथा अध्याय मिळून वाचला. तारू पाण्याने भरत असताना येशू मागच्या बाजूला उशीवर डोके ठेवून झोपला होता, आणि आम्ही बुडतो आहोत याची तुम्हाला काळजी नाही काय, असे शिष्य त्याला विचारतात. त्या ओळीवर ती थांबली आणि म्हणाली, "आई, देवाशी असे बोललेले चालते?" तोपर्यंत तिला वाटत होते की प्रार्थना म्हणजे मंडळीत वडीलधारी माणसे करतात तशी लांब, ठरावीक शब्दांची असली पाहिजे. त्या रात्री तिने शाळेतल्या एका मैत्रिणीबद्दलचा राग दोन वाक्यांत देवाला सांगितला. आमेनसुद्धा म्हटले नाही. आता ती एकटी बसते. रोज बसते का, हे मी विचारीत नाही.

जपमाळ_आणि_शास्त्र
मी कॅथलिक आहे, त्यामुळे आमच्याकडील एक जुनी पद्धत सुचवितो. तिला लेक्तियो दिविना म्हणतात. बाराव्या शतकातील कार्थुजियन मठवासी ग्विगो दुसरे यांनी तिच्या चार पायऱ्या मांडल्या आहेत: वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान. पाच-सहा ओव्या सावकाश, शक्यतो मोठ्याने दोनदा वाचाव्यात, मनाला भिडलेल्या शब्दाशी थांबावे, त्याच शब्दावरून देवाशी बोलावे आणि शेवटी थोडा वेळ काहीच न बोलता बसावे. मुलाला स्वतःचे शब्द सुचत नसतील तर तयार प्रार्थनाही द्याव्यात.

पहाटेचा_प्रहर
तयार प्रार्थनांना माझा विरोध आहे. मत्तय 6:7 मध्ये व्यर्थ बडबड करू नये असे प्रभूने सांगितले आहे.

जपमाळ_आणि_शास्त्र
त्याच अध्यायात, अवघ्या दोन ओव्यांनंतर, प्रभू स्वतः शिष्यांना शब्द देतो: हे आमच्या स्वर्गातील पित्या. तेथील निषेध पोकळ शब्दांचा आहे, शिकलेल्या शब्दांचा नाही. स्तोत्रसंहितेतील 150 स्तोत्रे पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी आपली प्रार्थना म्हणूनच म्हटली आहेत.

जुनी_पाने
या मुद्द्यावर मी जपमाळ_आणि_शास्त्र यांच्या बाजूने आहे, आणि मी प्रॉटेस्टंट आहे. आपल्या केस कापणाऱ्या पेटर नावाच्या मित्राने प्रार्थना कशी करावी असे विचारले, तेव्हा 1535 मध्ये मार्टिन ल्यूथर यांनी त्याला उत्तरादाखल एक छोटी पुस्तिकाच लिहून दिली. प्रभूची प्रार्थना किंवा दहा आज्ञा घ्याव्यात, एकेका ओळीवर थांबावे आणि ती ओळ आपल्या शब्दांत पुढे न्यावी, असा त्यांचा सल्ला होता. आज्ञेच्या प्रत्येक ओळीतून ते चार गोष्टी काढतात: शिकवण, उपकारस्तुती, पापकबुली आणि विनंती. तेरा वर्षांच्या मुलाला "मनापासून प्रार्थना कर" असे सांगण्यापेक्षा "आजची आमची रोजची भाकर आम्हांला दे, या ओळीवर थांब आणि आज तुला कशाची गरज आहे ते सांग" असे म्हटले तर त्याच्या हाती काहीतरी लागते.

तेवती_वात
सर्वांचे आभार. आकडे वाचून दाखविणे या रविवारपासून थांबवीत आहे आणि तक्त्याऐवजी मार्क घेत आहे. सभेतील शेवटची पंधरा मिनिटे मुलांना एकेकटे, निरनिराळ्या कोपऱ्यांत बसवून वाचू द्यावीत आणि नंतर शांतपणे प्रार्थना करू द्यावी, म्हणजे घरी नेमके काय करायचे याचा सराव होईल, असा विचार आहे. पालकांनाही पत्र लिहीन. दोन शंका उरतात. एक, आकडे घेतले नाहीत तर मुलांची प्रगती कशी कळावी? दुसरी अधिक गंभीर आहे आणि ती मी आधी लिहिली नव्हती: गटातील सोळा वर्षांचा एक मुलगा म्हणतो की प्रार्थना वरच्या छतालाच लागून परत येते, त्यामुळे तो हे सगळे खोटेपणाने करणार नाही. त्याला काय सांगू?

रोजचा_मान्ना
त्याला उत्तरे देणारे एखादे चांगले पुस्तक द्यावे. शंका अज्ञानातून येते.

तीन_मुलांची_आई
पुस्तक नंतर. आधी त्याचे ऐकून घ्या. खोटेपणाने करणार नाही असे म्हणणारा मुलगा प्रार्थनेला गंभीरपणे घेतो आहे.

जुनी_पाने
त्याला स्तोत्र 13 आणि 88 दाखवा. तेराव्यात स्तोत्रकर्ता देवाला, तू मला कोठवर विसरणार, असे विचारतो. अठ्ठ्याऐंशीवे तर अंधारातच संपते, शेवटी आशेची एक ओळही नाही, तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. मार्क 9:24 मधील, आपल्या मुलाला येशूकडे आणणाऱ्या पित्याचे वाक्यही आहे: माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. तो जे छताबद्दल म्हणतो, तेच त्याला देवाला म्हणता येईल. तेवढेही म्हणायची त्याची इच्छा नसेल तर आग्रह करू नका. गटात त्याची जागा तशीच राहू द्या.

पहिल्या शंकेबद्दल सांगायचे, तर किती वाचले हे विचारू नये, काय वाचले यावर बोलावे. या उताऱ्यात येशू काय करतो, कशाचे आश्चर्य वाटले किंवा काय खटकले, आणि यावरून देवाला काय सांगावेसे वाटते, असे तीन प्रश्न पुरेत. पहिल्या दोन प्रश्नांवर गटात बोलावे. तिसऱ्याचे उत्तर मुलाने वहीत लिहावे आणि ती वही कोणीही तपासू नये.

तेवती_वात
तीनही प्रश्न उतरवून घेतले आहेत. मार्क 1:1 ते 20 पासून सुरू करतो. त्या मुलाला वही देईन, तक्ता देणार नाही. पालकांच्या पत्राचा मसुदा तयार झाला की येथे टाकीन. तीन_मुलांची_आई, तुम्ही तो पाहून द्यावा ही विनंती.