पी०१२८ कोड : थर्मोस्टॅट बदलूनही कूलंटचे तापमान ६३ अंशांच्या पुढे जात नाही

प्रश्न

माझ्या पेट्रोल गाडीचा चेक इंजिन दिवा लागतो आणि स्कॅनरवर पी०१२८ हा कोड, म्हणजे कूलंट अपेक्षित तापमानापर्यंत पोहोचत नसल्याची नोंद, दिसतो. त्यावरून गॅरेजमध्ये थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंटचा रेडिएटरकडे जाणारा मार्ग उघडणारी-बंद करणारी झडप, बदलून घेतला, परंतु कोड पुन्हा आला. तासभर गाडी चालवल्यानंतरही स्कॅनरवर कूलंटचे तापमान ६३ अंश सेल्सिअसच्या आसपासच राहते, मग रस्ता मोकळा असो वा गर्दीचा. अ‍ॅव्हरेज कमी झाले आहे. इंजिन गरम असताना गाडी थोडा वेळ थांबवून पुन्हा सुरू करायची झाल्यास बराच वेळ सेल्फ मारावा लागतो आणि सायलेन्सरमधून कच्च्या पेट्रोलचा वास येतो. सकाळी थंड इंजिनावर पाहिले असता कूलंटचे तापमान २२ आणि आत येणाऱ्या हवेचे २५ अंश दिसले. बाहेरही २५ अंशच होते. एवढासा फरक पाहता कूलंटच्या तापमानाचा सेन्सर ठीक असावा असे मला वाटते, परंतु गॅरेजवाले आता सेन्सर बदलायला सांगत आहेत. आणखी एक भाग बदलण्यापूर्वी दोष नेमका कोठे आहे याची खात्री कशी करावी?

प्रतिसाद १

सर्वांत आधी इंजिन खरोखरच थंड राहते आहे की केवळ तसे दिसते आहे, हे ठरवावे. थर्मोस्टॅट उघडा अडकला असेल, तर गाडी सुरू केल्यापासून रेडिएटरचे वरचे आणि खालचे दोन्ही होज पाइप बरोबरीने तापू लागतात, वेगात चालताना तापमान घसरते आणि थांबल्यावर चढते. आपले ६३ अंश दोन्ही परिस्थितींत स्थिर आहेत, त्यामुळे मला थर्मोस्टॅटचा संशय कमी वाटतो.

इन्फ्रारेड थर्मामीटर मिळाल्यास थर्मोस्टॅटच्या हाउसिंगचे तापमान मोजावे. चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर हे उपकरण खऱ्यापेक्षा बरेच कमी तापमान दाखवते, म्हणून तेथे आधी काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावावा आणि त्यावर नेम धरावा. कूलंटची पातळीही पाहावी, कारण सेन्सरचे टोक कूलंटऐवजी हवेच्या पोकळीत राहिले तर त्याचे माप भरवशाचे राहत नाही. ही पातळी इंजिन पूर्ण थंड असतानाच पाहावी. गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये.

प्रतिसाद २

थंड इंजिनावरील तुलना ही चांगली चाचणी आहे, परंतु ती एका विशिष्ट दोषाला पकडू शकत नाही आणि आपल्या गाडीत नेमका तोच दोष असण्याची शक्यता मला दिसते.

हा सेन्सर म्हणजे तापमान वाढले की रोध कमी होणारा थर्मिस्टर असतो. बऱ्याच गाड्यांत वापरल्या जाणाऱ्या प्रकाराचा रोध २० अंशांना सुमारे २,५०० ओहम, ४० अंशांना सुमारे १,२००, ६० अंशांना ६००, ८० अंशांना ३२० आणि ९० अंशांना जेमतेम २४० ओहम असतो. आपल्या गाडीचे आकडे तिच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहावेत, पण उतरण साधारण अशीच असते. आता समजा, कनेक्टरमधील गंजामुळे मार्गात ३०० ओहमचा जास्तीचा रोध आला आहे. सकाळी २५ अंशांना सेन्सरचा रोध दोन हजारांच्या थोडा वर असतो. त्यात ३०० मिळवले तर ईसीयूला, म्हणजे इंजिनाचे नियंत्रण करणाऱ्या संगणकाला, तीन-चार अंशांची चूक होते आणि ती कोणाच्या नजरेत भरत नाही. इंजिन ९० अंशांवर असताना मात्र २४० चे ५४० ओहम होतात आणि ईसीयू ते तापमान ६३ अंशांच्या आसपासचे समजतो. आपल्या दोन्ही नोंदी या हिशेबात बसतात. इंजिन अजून तापायचे आहे असे समजून ईसीयू पेट्रोल जास्त सोडतो, म्हणून अ‍ॅव्हरेज घटते आणि गरम इंजिन सुरू व्हायला वेळ लागतो.

याची पडताळणी मल्टिमीटर नसतानाही करता येते. इग्निशन चालू आणि इंजिन बंद ठेवून कूलंट सेन्सरचा दोन पिनांचा कनेक्टर काढावा; स्कॅनरवर तापमान उणे ४० अंशांवर जायला हवे. त्यानंतर वायरिंगच्या बाजूच्या दोन्ही पिना वायरच्या लहान तुकड्याने जोडाव्यात. ईसीयू या मार्गावर आतील रोधातून ५ व्होल्ट देतो, त्यामुळे प्रवाह अगदी अल्प असतो आणि या जोडणीने नुकसान होत नाही. मात्र कनेक्टर याच सेन्सरचा आहे याची आधी खात्री करावी. वायरिंग निर्दोष असेल तर तापमान १३० अंशांच्या पलीकडे जायला हवे. तसे झाले तर दोष सेन्सरमध्ये शोधावा. ते मध्येच अडकले तर सेन्सर बदलून काहीही साध्य होणार नाही.

प्रतिसाद ३

वरील चाचणीबाबत एक सावधगिरी सुचवतो. काही गाड्यांत सेन्सरचा संपर्क तुटल्याचे लक्षात येताच ईसीयू प्रत्यक्ष मापाऐवजी ठरावीक तापमान गृहीत धरतो, रेडिएटर फॅन सतत चालू ठेवतो आणि स्कॅनरवरही तेच गृहीत तापमान दाखवतो. अशा वेळी अंशांऐवजी सेन्सरचे व्होल्टेज दाखवणारी नोंद पाहावी: कनेक्टर काढल्यावर ती ५ व्होल्टच्या जवळ, पिना जोडल्यावर शून्याच्या जवळ असावी. चाचणीदरम्यान पी०११८ आणि पी०११७ हे कोड नोंदले जातील; ते नंतर पुसून टाकावेत.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. काळ्या पट्टीवर हाउसिंगचे तापमान ८८ अंश आले, त्याच वेळी स्कॅनर ६३ दाखवत होता. कूलंटची पातळी योग्य आहे. कनेक्टर काढल्यावर उणे ४० आले, परंतु पिना जोडल्यावर आकडा ८२ अंशांवरच थांबला. कनेक्टर हलवला की तो ७५ ते ९५ च्या दरम्यान नाचतो.

प्रतिसाद २

सेन्सर मार्गात नसताना ८२ अंश दिसणे म्हणजे वायरिंगमध्येच सुमारे ३०० ओहम आहेत. नवा सेन्सर बसवूनही ६३ अंशच दिसले असते. हलवल्यावर आकडा बदलतो, त्यावरून दोष कनेक्टरमध्ये किंवा त्याच्या अगदी जवळ असावा. आत येणाऱ्या हवेचे तापमान बाहेरच्या हवेशी तंतोतंत जुळते, म्हणजे या दोन्ही सेन्सरना सामाईक असलेला ग्राउंडचा (प्रवाहाच्या परतीचा) मार्ग बहुधा चांगला आहे आणि ईसीयूपर्यंतचे सगळे वायरिंग उसवण्याची गरज नाही.

कनेक्टरच्या मागील रबरी सील सरकवून जेथे तांब्याच्या तारा टर्मिनलमध्ये दाबून बसवलेल्या असतात ती जागा भिंगाखाली पाहावी. पिना समोरून स्वच्छ दिसत असल्या तरी तेथे हिरवट थर असू शकतो आणि तो वायरच्या आवरणाखाली आतपर्यंत गेलेला असतो. म्हणून केवळ कॉन्टॅक्ट क्लीनर मारून थांबू नये. चकचकीत तांबे लागेपर्यंत वायर कापून नवे टर्मिनल आणि नवे सील बसवावे. शोध घेताना वायरच्या आवरणात सुई खुपसू नये, कारण त्या छिद्रातून पुन्हा ओलावा शिरतो.

हे काम होईपर्यंत गर्दीत गाडी चालवणे टाळावे असे मी कळकळीने सांगतो. ज्या गाड्यांत रेडिएटर फॅन ईसीयूच्या हुकमाने चालतो, त्यांत इंजिन १०० अंशांच्या पुढे गेले तरी ईसीयूला ते पुरेसे तापलेले दिसणार नाही आणि फॅन वेळेवर सुरू होणार नाही. डॅशबोर्डवरील काटाही याच सेन्सरच्या नोंदीवर चालत असेल तर तोसुद्धा इशारा देणार नाही. दुरुस्तीनंतर पिना जोडण्याची चाचणी पुन्हा करावी आणि मग गाडी उभी ठेवून इंजिन चालू ठेवावे. फॅन एकदा सुरू होऊन पुन्हा बंद होईपर्यंत स्कॅनरवर लक्ष ठेवावे आणि त्यानंतरच कोड पुसावा.