मदत हवी आहे: खाडीच्या पाण्याची नोंद गावातच ठेवायची आहे, सुरुवात कशी करू?

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज शाळेला सुट्टी म्हणून बसलेय. जरा लांबण लागेल, पण शेवटपर्यंत वाचा प्लीज.

आमचं गाव रत्नागिरी तालुक्यात, काजळी नदीच्या खाडीकाठी. ही नदी आंबा घाटाच्या बाजूने येते, साखरपा, आंजणारी करत खाली भाट्याला समुद्राला मिळते, आणि आम्ही त्या मधल्या पट्ट्यात जिथे पावसाळ्यात पाणी गोडं आणि मे महिन्यात खारट. घरापासून खाजण, म्हणजे भरतीचं पाणी शिरतं ती चिखलाची जागा, पाच मिनिटांवर. सासूबाई लग्न होऊन आल्यापासून ओहोटीला मुळे, म्हणजे खाडीतले शिंपले, काढायला जातात. गुडघाभर पाण्यात उभं राहून पायाच्या बोटांनी चिखल चाचपायचा, मुळा लागला की वाकून काढायचा, टोपलीत टाकायच्या आधी दोन मुळे एकमेकांवर वाजवून बघायचे. जिवंत असला तर टणक आवाज येतो, नुसता चिखल भरलेला असेल तर बद्द. त्यांना बघायची गरजच पडत नाही, कानानेच कळतं.

तर गेली दोनेक वर्षं त्यांचं एकच चाललंय, "मुळ्यात मास न्हाय गो, नुसत्या शिंपा गावतात". आधी मी फार लक्ष दिलं नाही. पण मग दिवाळीनंतर एका सकाळी मीच त्यांच्याबरोबर गेले, आणि टोपलीतले निम्म्याहून जास्त बद्द वाजत होते. पाण्याला वास होता, काठाला काळा चिखल, आणि तिवरांच्या झाडांच्या मुळांवर हिरवं शेवाळ चिकटलेलं. त्या दिवशी सासूबाई काही न बोलता टोपली उपडी करून घरी आल्या, ते मला अजून डोळ्यासमोरून जात नाही.

गावात ज्याला विचाराल तो वेगळं कारण सांगतो. कोणी म्हणतं वरच्या अंगाला वाळू उपसली म्हणून, कोणी म्हणतं कोळंबीच्या तळ्यांचं पाणी सोडतात म्हणून, कोणी म्हणतं संडासाच्या टाक्या उपसणारे टँकर रात्री पुलाजवळ रिकामे होतात. मला कुणावर आळ घ्यायचा नाहीये. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते, मुलांना सांगते आधी निरीक्षण मग निष्कर्ष, मग स्वतःच्या खाडीबद्दल तेच नको का करायला? आज आपल्याकडे कागदावर काहीच नाही, चांगलं पाणी होतं तेव्हाचंही नाही आणि आत्ताचंही नाही.

आतापर्यंत मी काय केलं ते सांगते. ऑनलाइन एक टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचा) मागवला, पेनासारखा असतो तो, खाडीत बुडवला तर आकडाच येईना नुसत्या रेघा. मग पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत खाडीचं पाणी भरून गावाबाहेरच्या एका लॅबमध्ये दिलं, एसटीने जाईपर्यंत दोन-अडीच तास गेले, त्यांनी विरघळलेला ऑक्सिजन लिटरला ७.१ मिलिग्रॅम लिहून दिला आणि सगळं नॉर्मल म्हणून सांगितलं. मुळे मरतायत आणि पाणी नॉर्मल, हे कसं?

तर विचारायचंय ते असं की नेमकं काय मोजायचं, किती दिवसांनी, दिवसातल्या कोणत्या वेळी, आणि शाळेच्या लॅबमध्ये जे आहे त्यात कितपत भागेल? बजेट फार नाही, मी आणि अजून दोन शिक्षक मिळून सात-आठ हजार घालू शकतो. आणि उद्या खरंच काही वाईट सापडलं तर कुठे जायचं? सासूबाईंना नोंद वगैरे माहीत नाही, त्या फक्त भिंतीवरच्या कालनिर्णयवर पेन्सिलीने किती पायल्या मुळे विकले ते लिहितात हिशोबासाठी, तेवढंच.

प्रतिसाद १

ताई, मी मत्स्य महाविद्यालयात शिकलोय, आता कामाला बाहेर असतो, पण गाव खाडीकाठचंच. तुमच्या ७.१ चं आधी सांगतो. ऑक्सिजन मोजायचं पाणी बाटलीत भरून नेलं की आकडा गेला. बाटलीत वर हवा राहते, एसटीत पाणी घुसळतं, ऊन लागतं, आतले जीव ऑक्सिजन खातात नाहीतर शेवाळ तो तयार करतं. जागेवरच फिक्स करावं लागतं. विंकलर पद्धत पुस्तकात वाचली असेल, ३०० मिलीची घट्ट बुचाची काचेची बाटली (तिला बीओडी बाटली म्हणतात), पाण्याखालीच बूच लावायचं, एकही बुडबुडा राहता नये, मग मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड घालायचं. तपकिरी साका बसला तर ऑक्सिजन आहे, पांढराच राहिला तर जवळजवळ नाहीच. मग शाळेत आणून सल्फ्युरिक ॲसिड, थायोसल्फेट, स्टार्च वापरून आकडा काढायचा. ॲसिड तुम्हीच हाताळा, मुलांना लांब ठेवा.

टीडीएस पेन बहुतेक ९९९० पर्यंतच वाचतं, समुद्राचं पाणी लिटरला ३५ ग्रॅम मीठ. ते ठेवून द्या आणि खारेपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या, एक थेंब टाकून उजेडात बघायचं, बॅटरी नाही काही नाही. तापमानाला साधा थर्मामीटर. गढूळपणाला घरीच तबकडी बनवा, पांढरा रंग दिलेली, खाली वजन बांधून दोरीने सोडायची, दिसेनाशी होते ती खोली लिहायची. आणि पाणी वरचं आणि तळाचं असं दोन्ही घ्या, कारण गोडं पाणी हलकं म्हणून वर तरंगतं, खारं खाली राहतं, आणि मुळे तळाला. वरचं पाणी छान आणि तळाला ऑक्सिजन नाही असं होऊ शकतं.

वेळेचं सर्वात महत्त्वाचं. शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं आणि रात्री सगळेच तो खातात, म्हणून पहाटे उजाडताना तो सर्वात कमी. दुपारी दोनला मोजलं तर आकडा फसवणारच.

प्रतिसाद २

वरच्या दादांच्या म्हणण्यात भर घालतो. भरती-ओहोटीची तीच अवस्था धरली नाही तर एक दिवस समुद्राचं पाणी मोजाल आणि एक दिवस नदीचं. आपला जुना हिशोब आहेच, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे त्या सुमाराला पूर्ण भरती आणि पहाटे पाच-साडेपाचला पूर्ण ओहोटी, खाडीत आत थोडं उशिरा. अवसेलाही तसंच. म्हणजे महिन्यातून दोनदा पहाटही आणि ओहोटीही, खाडीचं सर्वात वाईट काय असेल ते त्याच वेळी दिसणार. तेच दोन दिवस कायमचे धरा, तिकडून हलू नका.

काळ्या चिखलाच्या वासावर एकदम जाऊ नका. तिवरांखालच्या चिखलात हवा नसते, तिथे सडक्या अंड्याचा वास येतोच, आमच्या आज्याच्या काळातही यायचा. वास पाण्याला आहे का आणि उघड्या वाळूच्या पट्ट्यावर पण आहे का ते बघा. आणि पहिल्या मोठ्या पावसात एकदम गोडं पाणी आलं की मुळे मरतात, ते निसर्गाचं आहे. पण दिवाळीनंतर मरत असतील तर ते वेगळं, तिथे मलाही काळजी वाटते.

अजून एक, राग मानू नका. मुळे लहान असतानाच जास्त काढले जातात का तेही बघा. केरळात अष्टमुडी सरोवरात डिसेंबर ते फेब्रुवारी शिंपले काढणं बंद ठेवतात, २०१४ मध्ये त्यांना एमएससीचं, म्हणजे साठा टिकवून मासेमारी करणाऱ्यांना देतात ते, प्रमाणपत्र मिळालं त्यात याचाही वाटा होता. शाळेत व्हर्नियर कॅलिपर असेलच, दर वेळी पन्नास मुळ्यांची लांबी घ्या आणि त्यातले किती बद्द वाजले ते लिहा. हे मुलं करू शकतील.

प्रतिसाद ३

कुठे जायचं ते मी सांगते, पंचायतीत काम केलंय. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषात शिंपले वाढतात ते पाणी पहिल्या वर्गात, म्हणजे एसडब्ल्यू-१ मध्ये येतं. तिथे ऑक्सिजन लिटरला ५ मिलिग्रॅम किंवा संपृक्ततेच्या (पाण्यात जास्तीत जास्त मावेल त्याच्या) ६० टक्के हवा. आंघोळीच्या पाण्याला ४, आणि विष्ठेतले कॉलिफॉर्म जंतू १०० मिलीत १०० च्या वर नकोत. टँकरचा संशय असेल तर हीच तपासणी करा, निर्जंतुक बाटली, बर्फात, सहा तासांच्या आत लॅब. तुमचा आकडा घरचा म्हणून कुणी उडवून लावेल, पण सहा महिन्यांचे आकडे दाखवून राज्याच्या प्रदूषण मंडळाकडे अधिकृत नमुना घ्यायची लेखी मागणी करता येते. पोच घ्या.

आणि २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि लोकजैवविविधता नोंदवही पण. मुळ्यांच्या जागा नकाशासकट त्यात लिहून घ्या, ग्रामसभेत.

आता खरं सांगायचं ते. तुम्ही शेवटी जे "तेवढंच" म्हणून सोडून दिलंत ना, ते कालनिर्णय, त्यावर तारीख आहे, तिथी आहे, आणि सासूबाईंच्या हातचं माप आहे. किती वर्षांची आहेत? एकही रद्दीत घालू नका!

धागाकर्ती

प्रतिसाद ३ वाचून मी तशीच उठले. सासूबाई म्हणाल्या जुनी कशाला हवीत, मग तांदळाच्या पिंपामागून एक गठ्ठा काढला. २०१५ पासूनची निघाली, २०१९ चं फळीवर अंथरलेलं होतं ते मी डबे काढून सोडवलं, खोबरेल सांडून एप्रिल-मे वाचता येत नाही, बाकी आहे. २०१७ चं सापडलं नाही. प्रत्येक ओहोटीला पायल्या, आणि काही ठिकाणी बाजूला एक छोटी फुली. विचारलं तर म्हणाल्या, "त्या दिसा बद्द लय व्हते". मी तिथेच खाली बसले. २०१५ मध्ये सगळ्या वर्षात चार फुल्या आहेत. मागच्या वर्षीच्या फक्त नोव्हेंबरात सहा.

फोटो काढून ठेवलेत सगळ्या पानांचे. रिफ्रॅक्टोमीटर आणि दोन बीओडी बाटल्या मागवल्या. येत्या अवसेला पहाटे आम्ही दोघी आणि एक सर जाणार आहोत. आता एकच विचारायचंय दादा, अंधारात तळाचं पाणी बुडबुडा न येऊ देता कसं घ्यायचं? सासूबाई म्हणतायत बाटली मी पायाखाली धरते, पण बूच तिथे कसं लावणार ते आम्हाला कळत नाहीये.