रोलर कोस्टरवर डोळ्यांपुढं अंधारी आली? तुमचा अनुभव लिहा

तळ्याकाठची
सुट्टी लागली की कोल्हापुरातली कुटुंबंच्या कुटुंबं आता गाडी करून खोपोलीच्या इमॅजिका पार्काकडं, रोलर कोस्टरवर बसायला निघतात. कुणी दुबई-सिंगापूर गाठतं. परत आल्यावर पोरांच्या गप्पांत एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा ऐकते : "गाडी खाली आली, वळणात शिरली आणि मला मधेच दिसेना." कुणाला सगळं करडं दिसतं, कुणाला कडेचं दिसायचं बंद होतं, कुणाला पूर्ण अंधार. यावर घरातल्या मोठ्यांची उत्तरं ठरलेली असतात. उपाशी होतास, अशक्तपणा आहे, घाबरलास. मग पोरगं पुढच्या खेपेला सांगायचंच बंद करतं, आणि मला काळजी वाटते ती याची.

कारण ती उत्तरं पटत नाहीत. माझा भाचा पहाटे रंकाळ्याला पळायला जाणारा, उंच, नाश्ता करून बसलेला. दिसेनासं झालं ते त्याला. शेजारची बुटकी चुलतबहीण, जी सकाळपासून काही खायला तयार नव्हती, तिला काहीच झालं नाही.

तर ज्यांना असं झालंय त्यांनी नीट लिहा. आधी काय गेलं, कान चालू होते का, कुठल्या जागी झालं, उतरल्यावर काय राहिलं. जाणकारांनी कारण सांगावं. मोठ्या पाळण्यांचे, जत्रेतल्या खेळांचे अनुभवही चालतील.

तालीमवाला
मी शिवाजी पेठेतला. आम्ही पोरं मिळून गेलेलो. मोठा उतार संपला, गाडी आडवी होऊन जमिनीलगत गोल फिरायला लागली. तिथं आधी रंग गेले. समोरच्याचा लाल टी-शर्ट राखाडी झाला. मग कडेनं काळं आत यायला लागलं. मधे एवढंसं भोक राहिलं, शेवटी तेपण मिटलं. डोळे सताड उघडे, पापण्या हलतायत हे कळतंय, पण दिसत काही न्हाई. कान मात्र लख्ख. मागचा दोस्त वरडत हुता त्यातला शब्दन्‌शब्द कळत हुता. मनात एकच, डोळे गेले का काय. वळण संपून गाडी चढाला लागली तसा मधनं बाहेर उजेड पसरत आला. सगळं मिळून दोन-चार सेकंदांचा खेळ, पण लई लांब वाटला.

परत बसलो तवा वळण यायच्या आधीच मांड्या, पोटऱ्या, पोट घट्ट आवळून धरलं, जोर मारताना धरतो तसं. कडा करड्या झाल्या, पण दिसत राहिलं. असं का झालं ते मला कुणीतरी सांगा.

निवृत्त गडहिंग्लज
पोरा, लढाऊ वैमानिकाला जे मुद्दाम शिकवावं लागतं ते तू तालमीच्या सवयीनं केलंस. मी हवाई दलात तांत्रिक शाखेत नोकरी केली, त्यातली बरीच बंगळुरूला. तिथं हवाई दलाची एअरोस्पेस वैद्यकाची संस्था आहे आणि तिथं सेंट्रिफ्यूज आहे : लांब दांड्याच्या टोकाला माणूस बसवून गरगरा फिरवतात. वैमानिकांना त्यात बसवून जोर सोसायची तयारी करून घेतात. त्यांच्याकडून ऐकलेलं आणि नंतर वाचलेलं सांगतो.

आपण जमिनीवर उभे असतो तेव्हा अंगावर एक जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा नेहमीचा जोर असतो. गाडी तळाला वर वळते किंवा आडवी होऊन फिरते तेव्हा तीन, चार, क्वचित त्याहून जास्त जी पडतात. चार जीला माणसाचं वजन चौपट होतं, आणि अंगातलं रक्तही चौपट जड होतं. हृदयापासून डोळा साधारण वीतभर-दीड वीत वर. तेवढी उंची रक्त चढवायला एका जीमागं पाऱ्याचा सुमारे २२ मिलिमीटर दाब खर्ची पडतो. हृदयापाशी वरचा दाब १२० धरा. एक जीला डोळ्यापाशी ९८ उरतो. चार जीला ३२. पावणेपाचच्या आसपास जेमतेम १५-१६. टाकीत पाणी कमी असलं की तळमजल्याचा नळ चालतो आणि तिसऱ्या मजल्यावर नुसती हवा येते, तसा हा हिशेब आहे.

आता डोळाच आधी का जातो? डोळ्याच्या गोळ्यात स्वतःचा दाब असतो, निरोगी माणसात साधारण १० ते २१. रक्ताला तो दाब ढकलून आत शिरावं लागतं. रक्ताचा दाब गोळ्यातल्या दाबाच्या खाली आला की डोळ्याच्या आतल्या पडद्याचा (रेटिनाचा) रक्तपुरवठा थांबतो. मेंदूचं तसं नाही. जोर पडला की कवटीतल्या पाण्याचा दाबही रक्ताबरोबर उतरतो, म्हणून मेंदूला थोडं जास्त वेळ रक्त मिळत राहतं. त्यामुळं दिसत नाही पण ऐकू येतं आणि विचार चालू असतो, अशी मधली अवस्था येते. रक्तवाहिनी डोळ्याच्या मागच्या बाजूनं मधे शिरते, कडा तिच्यापासून सगळ्यात लांब, म्हणून आधी कडा जातात. जोर आणखी वाढला किंवा टिकला तर शुद्धच हरपते. अंधारी ही त्याच्या आधीची पायरी आहे.

वेळेचाही हिशेब आहे. पडद्यात आणि मेंदूत चार-पाच सेकंद पुरेल एवढा प्राणवायू शिल्लक असतो. म्हणून झटक्यात येऊन जाणारे पाच जी निभावतात आणि लांब वळणावरचे चार जी अंधार करतात. मानेतल्या रक्तवाहिन्यांना दाब उतरल्याचं कळतं, त्या हृदयाला वेग वाढवायला लावतात, पण ते जमेपर्यंत सहा ते दहा सेकंद जातात. तोवर वळण संपलेलं असतं.

पाय आणि पोट आवळलं की रक्त खाली साचत नाही. वैमानिक त्याबरोबर दर तीन सेकंदांनी झटकन श्वास बदलतात. दम कोंडून बसायचं नाही, हे लक्षात ठेव.

ताई, तुमच्या भाच्याचंही उत्तर यातच आहे. उंच माणसाचा डोळा हृदयापासून जास्त वर. रोज लांब पळणाऱ्यांचा दाब बसल्या जागी कमी असतो. बुटक्या मुलीला फायदा मिळाला. यात अशक्तपणाचा संबंध नाही.

तळ्याकाठची
काका, एवढं सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. हे भाच्याला शब्दशः वाचून दाखवणार आहे.

उजळाईवाडी ते शारजा
माझा अनुभव वेगळा आहे. अबू धाबीला फेरारी वर्ल्ड पार्कात फॉर्म्युला रोसा नावाची कोस्टर आहे, पाचएक सेकंदांत २४० किलोमीटरचा वेग. बसायच्या आधी गॉगल देतात, कारण त्या वेगात वाळूचा कण किंवा किडा डोळ्यात गेला तर इजा होईल. सुटताना छातीवर कुणी गुडघा रोवल्यासारखं वाटलं, गालाची कातडी मागं गेली, डोळ्यांतून पाणी. पण अंधारी अजिबात नाही. इतका वेग असून का नाही, हे कोडं काकांचं वाचून सुटलं. तिथं जोर छातीतून पाठीकडं जातो. डोक्याकडून पायाकडं रक्त ओढलं जात नाही.

निवृत्त गडहिंग्लज
बरोबर ओळखलंत. दिशा महत्त्वाची. अमेरिकेच्या हवाई दलातले डॉक्टर जॉन स्टॅप १० डिसेंबर १९५४ ला रॉकेटच्या घसरगाडीवर बसून ताशी १०१७ किलोमीटर वेगानं गेले आणि सव्वा सेकंदाच्या आसपास थांबले. ४६ जी. पुढून-मागून जोर होता म्हणून जिवंत राहिले. डोळ्यांत रक्त उतरलं, काही वेळ दिसायचं बंद झालं, मग नजर परत आली. हा प्रयोग त्यांनी दुसऱ्या कुणाला न बसवता स्वतःवर केला. त्या माणसाबद्दल मला फार आदर आहे.

पोटातला गोळा
मला अंधारी कधी आली नाही. माथ्यावरून गाडी खाली सुटते तेव्हा बुड सीटवरून उठतं, आतडी वर येतात असं वाटतं, तेवढंच. आवडतं.

शिरोली एमआयडीसी
मी यंत्रं डिझाइन करतो, आणि रूळ हा माझा जिव्हाळ्याचा विषय, म्हणून थोडं लांबवतो.

उलटा फेरा म्हणजे लूप. तो अगदी वर्तुळाकार केला आणि गाडी माथ्यावर जेमतेम टिकेल एवढ्याच वेगानं सोडली तरी तळाला, घर्षण सोडून, सहा जी येतात. हे अकरावीच्या भौतिकशास्त्राचं गणित आहे, कागदावर करून बघा. वेग थोडा जास्त ठेवला की आकडा आणखी चढतो. १८९५ मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडला फ्लिप फ्लॅप नावाची अशी गाडी होती. गोल फेरा, बारा जीपर्यंत जोर येत असावा असा अंदाज सांगतात. लोकांच्या माना दुखावल्या. काही वर्षांत बंद पडली.

उपाय आकारात होता. खाली त्रिज्या मोठी, वर लहान, म्हणजे उलट्या थेंबासारखा फेरा. जर्मन अभियंता वेर्नर श्टेंगेल यांनी तो हिशेबात बसवला आणि १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात श्वार्झकोफ यांनी बांधलेल्या रिव्होल्यूशन या कोस्टरवर पोलादी रुळात उभा राहिला. आज खोपोलीच्या इमॅजिकातल्या नायट्रो कोस्टरवर पाच वेळा उलटं होऊनही बहुतेक लोक हसत उतरतात, ते या आकारामुळं. म्हणूनच लोकांना भीती लूपची वाटते आणि अंधारी येते ती जमिनीलगतच्या लांब, आडव्या, गोल वळणात. तालीमवाल्यानं नेमकी तीच जागा लिहिली आहे. लूपचा जोर क्षणात ओसरतो, त्या वळणाचा टिकतो.

नदीवेस व्हाया व्हर्जिनिया
शिरोलीकर, तुमच्या मुद्द्याला धरून. इथं किंग्ज डोमिनियन पार्कात २०१० साली इंटिमिडेटर ३०५ नावाची कोस्टर सुरू झाली. ३०५ फूट उंची, ताशी १४५ किलोमीटर. उतार संपताच मोठं वळण, आणि त्यात इतक्या लोकांना अंधारी येऊ लागली की आधी उतारावर ब्रेक बसवून वेग कमी केला, मग पुढच्या हंगामाआधी त्या वळणाचे रूळच बदलले. मी बसलो तो रूळ बदलल्यानंतर. तरी वळणाच्या शेवटी कडा करड्या झाल्याच, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडलं. पण कंपनीनं प्रवाशांचं ऐकून पोलाद कापून नवं बसवलं, हे मला महत्त्वाचं वाटतं. त्या काळी लोकांनी "आपणच अशक्त" म्हणून गप्प बसायचं ठरवलं असतं तर ते वळण तसंच राहिलं असतं.

करूळ घाट नको
मला गगनबावड्याच्या पुढं घाट उतरताना हमखास उलटी होते, कोस्टरवर होत नाही. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी सांगितलं की कानातला तोल आणि डोळ्यांना दिसणारं चित्र जुळलं नाही की मळमळतं. एसटीत मी समोरची सीट बघत असते, कोस्टरवर समोरचा रूळ दिसतो. डोळे मिटून बसले तेव्हा मात्र कोस्टरवरही मळमळलं.

जोतिबाचा मेकॅनिक
मी जत्रेत मौत का कुआवाल्यांच्या गाड्या दुरुस्त करायचो. तिथंही हाच जोर. विहिरीची त्रिज्या पाच मीटर आणि वेग चाळीसचा धरला तर अडीच जी भरतात, आणि ते मिनिटं-मिनिटं. स्वार आडवा दिसला तरी जोर त्याच्या डोक्याकडून पायाकडंच जातो, फरक एवढा की हँडल, मांड्या, पोट सगळं आवळलेलं. नवीन पोरगा आधी खालच्या उतरत्या फळ्यांवर फिरून सराव करतो. जुने स्वार सांगायचे की नजर पुढच्या फळ्यांवर ठेव, प्रेक्षकांकडं मान वळवलीस की भोवळ येईल. दिसायला करडं लागलं की ते वेग न सोडता हळूहळू खाली उतरत, एकदम गॅस सोडला की गाडी घसरते. हात सोडून नोटा घेणारा माणूस आतून किती सावध असतो हे बघणाऱ्याला कळत नाही.

नेत्रतज्ज्ञ, शाहूपुरी
आतापर्यंतची चर्चा बरोबर दिशेनं आहे. मला फक्त सीमा आखायची आहे, कारण "अंधारी येतेच" हे ऐकून कुणी गंभीर लक्षण अंगावर काढू नये.

दोन्ही डोळ्यांना एकदम अंधारी आली, जोर जाताच काही सेकंदांत पूर्ण गेली, नंतर काही राहिलं नाही, तर ती रक्तदाबाची गोष्ट. उतरल्यावरही एकाच डोळ्यात विजा चमकल्यासारखं दिसत असेल, काळे ठिपके किंवा जाळी नव्यानं तरंगत असेल, कडेनं पडदा ओढल्यासारखी सावली असेल, तर त्याच दिवशी पडदा तपासून घ्या. सोमवारची वाट बघू नका. पडदा फाटला असेल आणि तो सुटायच्या आत सापडला तर बहुतेक वेळा लेझरनं भागतं. उणे सहा किंवा त्याहून जास्त चष्मा असलेल्यांचा पडदा पातळ असतो. त्यांनी, आणि ज्यांची पडद्याची शस्त्रक्रिया झाली आहे त्यांनी, जायच्या आधीच विचारावं.

डोळ्याच्या पांढऱ्या भागात लाल डाग दिसला आणि दुखत नसेल, नजर ठीक असेल, तर तो सहसा एक-दोन आठवड्यांत आपोआप जातो.

मानेचं आणि डोक्याचं माझं क्षेत्र नाही, तरी सांगते. नंतर वाढत जाणारी डोकेदुखी, उलट्या, मान दुखून एका बाजूची पापणी उतरणं, हातपाय जड पडणं : थेट रुग्णालय. झटक्यांनी मेंदूभोवती रक्तस्राव झाल्याच्या किंवा मानेची रक्तवाहिनी आतून फाटल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. त्या विरळ आहेत, पण आहेत.

कसबा बावडा
डॉक्टर, माझ्या वडिलांना नातवंडांबरोबर बसायची फार हौस आहे. वय सत्तरच्या पुढं, बीपीची आणि प्रोस्टेटची गोळी चालू. उंचीची भीती अजिबात नाही. बसू द्यावं का?

नेत्रतज्ज्ञ, शाहूपुरी
त्या दोन्ही प्रकारच्या गोळ्यांनी उठता-बसताना दाब उतरू शकतो, म्हणजे जोर पडल्यावर शरीराकडं राखीव कमी. रक्त पातळ करायची गोळी असेल तर आणखी जपायला हवं. त्यांच्या फिजिशियनना गोळ्यांची नावं दाखवून विचारा. त्यांची हौस मोडावी असं मलाही वाटत नाही. लहान मुलांच्या गाडीचा जोर कमी असतो, तिथं नातवंडांबरोबर बसता येईल का ते त्यांनाच विचारा.

तालीमवाला
काका, डॉक्टर, लई आभार. शिरोलीकर, एक राहिलं. पुढचा डबा का मागचा, कुठं जास्त लागतं?

शिरोली एमआयडीसी
सगळे डबे एकमेकांना जोडलेले, म्हणून कुठल्याही क्षणी वेग सगळ्यांचा सारखाच. गाडीचा मध्य तळाला येतो तेव्हा वेग सगळ्यात जास्त, तेव्हा तळावर मधला डबा असतो. म्हणून खाली दाबणारा जोर मधल्याला थोडा जास्त. मध्य माथ्यावर असतो तेव्हा वेग सगळ्यात कमी. शेवटचा डबा माथ्यावर येईस्तोवर पुढचे उताराला लागून त्याला ओढत असतात, म्हणून सीटवरून उचलणं मागच्या डब्यात जास्त. लांब सपाट गोल वळणात मात्र सगळ्या डब्यांना जवळपास सारखंच लागतं, तिथं जागा बदलून उपयोग नाही. पाय आवळ.