पार्किंगमधलं क्रिकेट आणि हजार तास

जाधव ए-302: पार्किंगमध्ये भर दुपारी क्रिकेट चालू आहे. माझ्या गाडीचा डावा आरसा फुटला. सेक्रेटरी साहेब, एकदा बघून जावा.

जाधव ए-302: फोटो टाकलाय. टेनिस बॉल नाही, सीझनचा बॉल आहे.

सेक्रेटरी पाटील: मी मिरजेत आहे. वॉचमनला फोन लावलाय, उचलत नाही.

शिंदे वहिनी बी-204: आपल्या सोसायटीतली पोरं नाहीत ही. आपली शाळेत आहेत. मागच्या शाळेतली आहेत, भिंतीवरून उड्या मारून येतात.

जाधव ए-302: तेच विचारतोय. शुक्रवारी बाराला पोरं भिंतीवर कशी? शाळा आहे की एसटी स्टँड?

माने सी-103: आज साडेअकराला सोडली. सरांना ट्रेनिंग आहे म्हणे. माझी पण आलीय घरी.

जाधव ए-302: परवा नदीचं पाणी वाढलं म्हणून सुट्टी. त्याआधी नागपंचमी. नाग शिराळ्यात, सुट्टी सांगलीत. शिकवतात कधी हे लोक? पगार आपल्या टॅक्समधून जातो.

देशपांडे काका ए-101: कायदा स्पष्ट आहे. शिक्षण हक्क कायदा 2009, अनुसूची. पहिली ते पाचवी : वर्षाला किमान 200 दिवस व 800 तास अध्यापन. सहावी ते आठवी : किमान 220 दिवस व 1000 तास अध्यापन. 1 एप्रिल 2010 पासून लागू.

सुतार बी-401: सर्वांना जिवतीच्या शुक्रवारच्या शुभेच्छा 🙏

भोसले ए-204: जिवतीनंच आता पोरांना वाचवावं, जाधव साहेब खाली येतायत.

जाधव ए-302: विनोद नको भोसले. आरसा तुमचा नाही गेला.

भोसले ए-204: माझी गाडी पिवळ्या पट्ट्याच्या आत असते. म्हणून जात नाही.

सेक्रेटरी पाटील: पार्किंगचा विषय मासिक सभेत घेऊ. कृपया इथं नको.

कांबळे मॅडम बी-303: मधली सुट्टी झालीय आमची, म्हणून लिहिते. जाधव दादा, ट्रेनिंग आम्ही मागून घेत नाही. वरनं आदेश येतो, जावं लागतं. मतदार यादीचं काम, ऑनलाइन माहिती, पोषण आहाराची नोंद, सगळं वर्गातल्या वेळेतूनच जातं.

देशपांडे काका ए-101: कलम 27 अन्वये शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढीच अशैक्षणिक कामं देता येतात.

कांबळे मॅडम बी-303: "एवढीच" म्हणता काका? या तिन्हीतच वर्ष निघतं. 2019 ला आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं तेव्हा माणसं कुठं राहिली होती? शाळांतच ना. पाणी उतरल्यावर वर्ग धुऊन काढायला कोण होतं?

देशपांडे काका ए-101: ते मान्य. परंतु शिक्षकांना आठवड्याला 45 तास काम हेही अनुसूचीत आहे.

कांबळे मॅडम बी-303: पाठाची तयारी धरून 45. ते अर्धं वाक्य पण वाचत जा.

गोखले काकू ए-402: आमची लेक सिअॅटलजवळ असते. तिच्या राज्यात 180 दिवस आणि आठवीपर्यंत 1000 तास कायद्यानं आहेत, वरच्या वर्गांना 1080. बर्फ पडून शाळा बुडली की ते दिवस जूनमध्ये भरून काढतात. पोरं कुरकुरतात पण जातात.

भोसले ए-204: इथं पुराचे दिवस मे महिन्यात भरून काढा काकू. पत्र्याखाली. पोरं कुरकुरणार नाहीत, डायरेक्ट भाजतील.

शिंदे वहिनी बी-204: आपण कशाला एवढं डोकं लावतोय? आपल्यापैकी कुणाचं मूल तिथं जातं का? खासगी शाळेची फी भरतोच आहोत. भिंतीवर काचा लावा, विषय संपला.

माने सी-103: माझी मुलगी जाते. सहावीला आहे.

शिंदे वहिनी बी-204: अहो तुमच्याबद्दल नाही म्हटलं. मी सभासदांबद्दल म्हणत होते.

माने सी-103: कळलं वहिनी. भाडेकरू सभासद नसतात.

सेक्रेटरी पाटील: कृपया वैयक्तिक घेऊ नये. गणपतीची वर्गणी भाडेकरूंनीच सगळ्यात आधी दिली आहे. ए विंग अजून बाकी.

भोसले ए-204: हे बरोबर मधे घातलं.

देशपांडे काका ए-101: पुन्हा टाकतो, कुणी वाचलेलं दिसत नाही. पहिली ते पाचवी : किमान 200 दिवस व 800 तास. सहावी ते आठवी : किमान 220 दिवस व 1000 तास. शिवाय माध्यमिक शाळा संहितेनुसार वर्षात 76 पेक्षा जास्त सुट्ट्या देता येत नाहीत.

जाधव ए-302: मग मोजा की. 76 कधीच संपल्या असतील.

देशपांडे काका ए-101: नाही संपत. जिल्ह्याची यादी 76 मध्ये बसवूनच काढतात. आणि 1000 भागिले 220 म्हणजे दिवसाला साधारण साडेचार तास. साडेदहा ते पाच शाळा, त्यातून परिपाठ आणि मधली सुट्टी वजा केली तरी पाच तास राहतात. शनिवार अर्धा असला तरी हिशेब जुळतो.

जाधव ए-302: म्हणजे सगळं छान चाललंय म्हणा.

माने सी-103: काका, आज साडेदहाला शाळा भरली. परिपाठ झाला, हजेरी झाली, खिचडी झाली, साडेअकराला सोडली. हा दिवस 220 मध्ये धरला की नाही?

देशपांडे काका ए-101: हजेरी झाली असेल तर दिवस धरला जातो.

माने सी-103: आणि तास?

देशपांडे काका ए-101: तासांची वेगळी नोंद पालकांना दिसेल अशी कुठं असते, ते बघावं लागेल.

भोसले ए-204: काका अडकले. नाद खुळा माने वहिनी.

कांबळे मॅडम बी-303: माने वहिनींनी नेमकं विचारलं. सुट्ट्यांवर सगळे तुटून पडतात, सुट्टी कॅलेंडरवर दिसते म्हणून. माझ्या शाळेचं सांगते. तासगाव तालुक्यात आहे, पहिली ते चौथी, आम्ही दोघी. कायद्यानंच 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक. म्हणजे माझ्याकडं कायम दोन वर्ग. पहिलीला अक्षर शिकवत असते तेव्हा दुसरी पाढे उतरवून घेत असते. घड्याळात तास एक, पण पोराच्या वाट्याला अर्धा. कागदावर 800 भरतात. मी एक दिवस रजा टाकली की त्याचंही पाव होतं.

कांबळे मॅडम बी-303: आणि आम्ही एक दिवस शाळा बंद ठेवत नाही बरं का. पाऊस असो, काहीही असो.

गोखले काकू ए-402: अगं हे कुणी सांगतच नाही.

जाधव ए-302: मॅडम, तुमच्याबद्दल आदर आहे. पण मागच्या शाळेत दोनच शिक्षक नाहीत. तिथं स्टाफ आहे, मी सकाळी गाड्या लागलेल्या बघतो.

माने सी-103: स्टाफ आहे. पण इंग्रजीच्या बाई बदलून गेल्या, त्यांच्या जागी कुणी आलं नाही. पोरीच्या इंग्रजीच्या वहीत जुलैनंतर तारीखच नाही. त्या तासाला मुलं मैदानात सोडतात. मैदानात चिखल असला की तुमच्या पार्किंगमध्ये.

जाधव ए-302: हे आधी सांगायचं होतं.

माने सी-103: कुणी विचारलं नव्हतं.

सुतार बी-401: (फॉरवर्डेड) पेरूच्या पानांचा काढा, सांधेदुखी कायमची गायब

शिंदे वहिनी बी-204: सुतार भाऊ, जरा थांबा हो.

सेक्रेटरी पाटील: वॉचमनशी बोलणं झालं. मुलांमध्ये त्याचाही मुलगा होता. त्याला समज दिली आहे. आरशाचे पैसे पगारातून हप्त्यानं द्यायला तयार आहे.

भोसले ए-204: पगारातून? पाटील साहेब, आधीच किती देतो आपण त्याला?

जाधव ए-302: त्याच्याकडनं पैसे नकोत. मी इन्शुरन्सचं बघतो. पण परत होता कामा नये एवढंच.

सेक्रेटरी पाटील: ठीक आहे. त्याची बायको त्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत आहे, हे आजच कळलं.

कांबळे मॅडम बी-303: मग सोपं झालं. त्या समितीत 75 टक्के पालक लागतात आणि निम्म्या बायका. बऱ्याच ठिकाणी सहीपुरत्या बोलावतात. तिला सांगा, सही करायच्या आधी वर्गवार वेळापत्रक माग. शाळा किती दिवस भरली ते विचारू नको, ते उत्तर तयार असतं. सहावीचा इंग्रजीचा तास या आठवड्यात कुणी घेतला, एवढंच विचार.

शिंदे वहिनी बी-204: ती बोलेल का पण मुख्याध्यापकांसमोर? आमच्याकडं भांडी घासायला येते तेव्हा मान वर करत नाही.

माने सी-103: माझ्याशी भरपूर बोलते वहिनी. गुरुवारी समितीची बैठक आहे. पालक म्हणून मी तिच्याबरोबर जाते.

गोखले काकू ए-402: मी पण येते गं. दुपारी मोकळीच असते.

जाधव ए-302: किती वाजता?

माने सी-103: चारला. तुमचं मूल तिथं नाही, तुम्हाला बसू देतील का माहीत नाही. पण बैठकीत अर्ज देणार आहोत, त्यावर शेजारी म्हणून सही करा.

शिंदे वहिनी बी-204: माझी पण घ्या. काचांचं नंतर बघू.

देशपांडे काका ए-101: पहिली ते पाचवी : किमान 200 दिवस व 800 तास. सहावी ते आठवी...

भोसले ए-204: काकाऽऽऽ

माने सी-103: काका, हे पाठ झालं आता. त्यापेक्षा अर्ज तुम्हीच लिहून द्या. तुमचं अक्षर चांगलं आहे. सहावीच्या तासिकांचा, एका पानात.

देशपांडे काका ए-101: रात्री लिहितो. दोन प्रती. एकीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय तिथून उठायचं नाही.

भोसले ए-204: आणि 800 तासांचं अर्जात एकदाच लिहा.

देशपांडे काका ए-101: सहावीला 1000.