घरखर्च क्रेडिट कार्डावर टाकून विमानाची तिकिटं खरंच निघतात का?

बाणेर_फाटा
मॉलमधल्या स्टॉलवर एका ‘ट्रॅव्हल’ कार्डाची माहिती मिळाली. दर १०० रुपयांना २ पॉइंट, ते एकास एक या दराने विमान कंपनीच्या खात्यात वळवता येतात. वार्षिक फी ५,००० अधिक जीएसटी. आमचा महिन्याचा खर्च असा: घरभाडं २८,०००, किराणा-भाजी १४,०००, पेट्रोल ५,०००, वीज-गॅस-मोबाइल-इंटरनेट ५,५००, हॉटेल आणि ऑनलाइन खरेदी १२,०००. शिवाय शाळेची फी वर्षाला १,२०,००० आणि विम्याचे हप्ते ६०,०००. एकूण वर्षाला ९,५४,०००. स्टॉलवाल्याच्या हिशेबाने १९,००० पॉइंट होतात. मे महिन्यात तिघांना पुणे–दिल्ली जाऊन-येऊन करायचं आहे. जमेल का? बिल दरमहा पूर्ण भरतो, थकबाकी नाही.

वहीखातं
त्याचा गुणाकार बरोबर आहे, पण ज्या आकड्याला गुणलंय तो चुकलाय.

प्रत्येक दुकानाला कार्डाच्या यंत्रणेत चार आकडी वर्ग-क्रमांक असतो. किराणा ५४११, पेट्रोल पंप ५५४१, वीज-पाणी-गॅस ४९००, विमा ६३००, घरभाडं ६५१३, वॉलेट भरणं ६५४०. पॉइंट द्यायचे की नाही हे बँक या क्रमांकावरून ठरवते, तुम्ही काय घेतलंत यावरून नाही.

आता तुमची यादी घेऊ. भाडं सरळ बाद करा. बहुतेक कार्डांवर पॉइंट नाहीत, वर ॲप किंवा बँक टक्काभर शुल्क आणि त्यावर जीएसटी लावते. २८,०००वर १ टक्का म्हणजे २८० अधिक ५० रुपये, दरमहा, फुकट. पेट्रोलवरही पॉइंट नसतात. कार्डाने पेट्रोल भरल्यावर लागणारा अधिभार माफ होतो, पण व्यवहाराच्या ठरावीक मर्यादेतच, आणि त्या अधिभारावरचा जीएसटी बहुधा परत मिळत नाही. वीज-गॅस-मोबाइल आणि विमा या दोन्हींवर ट्रॅव्हल कार्डांनी एकतर बंदी घातलीय किंवा महिन्याची कमाल मर्यादा लावलीय. ते शून्य धरा. मिळाले तर बोनस समजा.

किराणा-भाजीत भाजीवाला, दूधवाला, इस्त्रीवाला हे सगळे क्यूआरवर चालतात. समजा १४,०००पैकी ५,००० तिकडे गेले. उरले ९,००० किराणा आणि १२,००० हॉटेल-ऑनलाइन, म्हणजे वर्षाला २,५२,०००. पॉइंट ५,०४०. शाळेची फी धरली गेली तर ३,७२,०००वर ७,४४०.

एका पॉइंटला ९० पैसे धरले तर ५,०४० पॉइंट म्हणजे ४,५३६ रुपये. कार्डाची फी जीएसटीसकट ५,९००. पदरचे १,३६४ गेले! शाळेची फी धरली गेली तर ६,६९६, म्हणजे वर्षाला ७९६ रुपये फायदा. त्याच ३,७२,०००वर दीड टक्का कॅशबॅक देणारं बिनफीचं कार्ड ५,५८० रुपये हातात ठेवतं, तेही तारखा-सीटा न शोधता. तुमच्या खर्चाला मी कॅशबॅकच सुचवेन.

लोहगाव_टर्मिनल
वहीखातं यांनी जमेची बाजू लिहिली, मी खर्चाची लिहितो. लोक खरे फसतात ते इथे.

पॉइंटची किंमत काढायची रीत अशी: रोख भाड्यातून पॉइंटच्या तिकिटावर भरावा लागणारा कर वजा करा, उरलेल्याला पॉइंटने भागा. उदाहरणासाठी मनाचे आकडे घेतो. मे महिन्यातलं एकेरी तिकीट ९,२०० रुपये, पॉइंटमध्ये ८,५०० अधिक १,५५० कर. (९,२०० − १,५५०) ÷ ८,५०० = ९० पैसे. तेच ऑगस्टमध्ये रोख ५,२००, पॉइंटमध्ये ७,००० अधिक १,३००, तर जेमतेम ५६ पैसे. भाडं स्वस्त असताना पॉइंट उडवू नयेत. ‘फुकट तिकीट’ ही भाषाही सोडा. कर आणि विमानतळ शुल्क खिशातूनच जातं.

तिघांचं जाऊन-येऊन म्हणजे सहा तिकिटं, ५१,००० पॉइंट. वर्षाला ७,४४० जमले तर सात वर्षं लागतील. तोवर पोरगं कॉलेजात जाईल आणि पहिल्या वर्षांचे पॉइंट बहुतेक मरून गेलेले असतील. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर या योजनेचे माइल, म्हणजे तिथले पॉइंट, तीन वर्षांनी संपतात. आपल्याकडच्या योजनांच्या मुदती त्यांच्या अटींत पाहून घ्या.

पुणे–दिल्लीला थेट विमानं एअर इंडिया आणि इंडिगो दोघांचीही आहेत, म्हणून त्यांच्या पॉइंट योजनांची, अनुक्रमे महाराजा क्लब आणि ब्लूचिप, ही दोन खाती आधी उघडा. दोन्ही मोफत आहेत. एअर इंडिया २०१४पासून स्टार अलायन्समध्ये आहे, त्यामुळे तिचे पॉइंट त्या गटातल्या परदेशी कंपन्यांच्या विमानांतही चालतात. तुम्हाला दिल्लीच गाठायची असेल तर त्याचा उपयोग नाही.

क्रम मात्र चुकवू नका. आधी विमान कंपनीच्या खात्यात लॉगिन करून हव्या तारखेला पॉइंटची सीट दिसते का ते पाहा. शाळेच्या सुट्टीच्या शनिवारी ती बहुधा नसते. मंगळवार-बुधवारच्या दोन पर्यायी तारखा हाताशी ठेवा. सीट दिसली की त्याच वेळचं रोख भाडं लिहून वरचा भागाकार करा. पटलं तरच लागतील तेवढेच पॉइंट वळवा. बँकेतून गेलेले पॉइंट परत येत नाहीत. काही ठिकाणी ते लगेच पोचतात, काही ठिकाणी दोन-चार दिवस लागतात आणि तेवढ्यात सीट जाते. म्हणूनच ‘मुदत संपेल’ या भीतीने आगाऊ वळवून ठेवण्यात अर्थ नाही.

अजून एक गोष्ट, जी मराठी नावांना हमखास नडते. कार्डावर नाव-आडनाव, पासपोर्टवर मधे वडिलांचं नाव, विमान कंपनीच्या खात्यात तिसरंच काहीतरी. बँकेतलं आणि खात्यातलं नाव जुळलं नाही की वळवणी अडकते, मग ईमेलांची माळ. लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर हे आधी दुरुस्त करा, पॉइंट जमल्यावर नाही.

बाणेर_फाटा
आभार, डोळे उघडले. दोन शंका. शाळेच्या फीवर पॉइंट मिळतील की नाही हे फी भरण्याआधी कसं कळणार? आणि भाजीवाल्याकडे रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडून दिलं तर?

वहीखातं
शाळेचा वर्ग-क्रमांक ८२११. बँकेच्या अटींच्या पत्रकात ‘शिक्षण’ वगळलेल्या यादीत आहे का ते बघा. शाळेच्या स्वतःच्या पेमेंट पानावरून भरणं आणि एखाद्या ॲपमधून भरणं यात फरक असतो. ॲपमधून भरल्यास काही बँका १ टक्का शुल्क लावतात. शाळा कार्डासाठी वेगळं सेवाशुल्क घेते का तेही पाहा. दोन टक्के घेत असेल तर दर शंभराला १ रुपया ८० पैशांच्या पॉइंटसाठी २ रुपये देताय.

किराणा दुकानाचं सोपं आहे. २०० रुपयांचं एक बिल कार्डावर करा, व्यवहार जमा झाला की ॲपमध्ये पॉइंट दिसतात का बघा. नावावर जाऊ नका. ‘सुपर शॉपी’ अशी पाटी असलेलं दुकानही भलत्याच वर्गात नोंदलेलं असू शकतं.

रुपेचं म्हणाल तर ते फक्त व्यापारी क्यूआरवर चालतं. मंडईत पुष्कळांकडे साधा वैयक्तिक क्यूआर असतो, तिथे क्रेडिट कार्डातून पैसे जातच नाहीत. आणि कित्येक बँका यूपीआयवर पॉइंट कमी देतात किंवा देत नाहीत. छोट्या बिलांची गळतीही लक्षात घ्या. ‘दर १५० रुपयांना ४’ असं असेल तर २८० रुपयांच्या बिलावरही ४च. शंभराला २.६७चे १.४३ झाले.

सदाशिव_पेठी
लक्ष्मी रोडवर सोनं कार्डावर घेण्याचा विचार कुणाच्या डोक्यात असेल तर काढून टाका. दागिन्यांवर बऱ्याच कार्डांचे पॉइंट नाहीत, आणि दुकानदार कार्डाला दोन टक्के वर मागतो किंवा घडणावळीतली सूट आखडतो. मिळकतकराचंही (घरपट्टीचंही) तेच. सवलतीची मुदत पाळून नेट बँकिंगने भरा, पॉइंटपेक्षा सवलत मोठी आहे.

माल परत केला की त्याचे पॉइंटही वजा होतात आणि ईएमआयवर घेतलेल्या वस्तूला सहसा मिळतच नाहीत, हेही माहीत असू द्या.

प्रश्नकर्ते बिल पूर्ण भरतात, छान. वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी एकच आकडा: ४०,००० मागे राहिले आणि दर महिना पावणेचार टक्के असेल तर व्याज १,५००, त्यावर जीएसटी २७०. त्याच ४०,०००वर पॉइंट किती? ८००, म्हणजे ७२० रुपये. शिवाय बाकी मागे असेतो नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज.

आणि कुणी परदेशाचं तिकीट मुंबईहून काढणार असेल तर पुण्याहून विमानतळापर्यंतची गाडी, टोल आणि रात्री दोनला निघण्याचा मनस्ताप त्या भागाकारात धरावा. मनस्तापाचा दर ज्याचा त्याने लावावा.