सल्ला हवा : आठवीतल्या मुलीचं गांधीजींवर भाषण, बेळगावचं काय सांगावं?

खानापूरची_आई
मुलगी मराठी शाळेत आठवीला. चार मिनिटांचं भाषण आहे. गेल्या वर्षी एक पोरगा पोरबंदर, १८६९ पासून सुरू झाला आणि आफ्रिकेला पोचायच्या आतच घंटा वाजली! तसं नको. आत्मचरित्रात बेळगाव अधिवेशनाचं काही मिळेल का? रविवारी बेळगावात येणारच आहोत, तिला काय दाखवू?

टिळकवाडीकर
आत्मचरित्रात शोधू नका, मी शोधून बसलोय. ते १९२०च्या नागपूर अधिवेशनापाशी थांबतं. आपलं अधिवेशन डिसेंबर १९२४चं. गांधीजी काँग्रेसचे अध्यक्ष आयुष्यात एकदाच झाले, ते इथं. टिळकवाडीत काँग्रेस विहीर दाखवा. अधिवेशनाला आलेल्यांच्या पाण्यासाठी खणलेली, तेव्हाचं नाव पंपा सरोवर. शेजारीच वीरसौध, अधिवेशनाचं स्मारक. आम्ही रोज विहिरीशेजारून स्कूटर नेतो आणि मान वळवून बघत नाही, ते सोडा.

चिकोडी_७२
दांडीच सांगू दे की. ७८ सोबती, २४ दिवस, मूठभर मीठ. परीक्षकांना आवडतं.

निपाणीकर
आवडतं, पण दहातली आठ मुलं तेच सांगणार. त्यापेक्षा झोपडीचं सांगा. अधिवेशनाची सगळी धावपळ बेळगावजवळच्या हुदलीच्या गंगाधरराव देशपांड्यांची, कर्नाटकचा सिंह म्हणायचे त्यांना. त्यांनी गांधीजींसाठी खादीची झोपडी उभारली. मोठ्या हौसेनं. तर पाहुण्याची तक्रार काय, एवढा खर्च कशाला! यजमानाचा चेहरा डोळ्यांपुढं आणा जरा. पण गंगाधरराव दुरावले नाहीत. हुदलीत खादीचं काम जन्मभर चालवलं आणि १९३७ मध्ये गांधीजी हुदलीला येऊन राहिले. वेळ असला तर तिथंही जाऊन या, खादी केंद्र आहे. लोणचं घ्या.

टिळकवाडीकर
आणखी एक. बेळगावात ठरलं की काँग्रेसचा सभासद व्हायचं तर महिन्याला २००० वार सूत द्यायचं. स्वतः कातून, नाहीतर दुसऱ्याकडून कातून घेऊन. वकील असो, जमीनदार असो. पुष्कळांना ते झेपलं नाही, वर्षभरात नियम सैलही झाला. तेही लपवू नका, भाषण खरं वाटेल.

खानापूरची_आई
जाऊन आलो. विहिरीच्या कठड्याला टेकून पोरगी बराच वेळ आत बघत होती. फोटो काढ म्हटलं तर नको म्हणाली. घरी येऊन वही-पेन्सिल घेतली : २००० वार म्हणजे १८२९ मीटर. आमच्या घरापासून शाळा सव्वा किलोमीटर. "म्हणजे शाळेत जाऊन अर्ध्या वाटेपर्यंत परत यायचं, एवढा धागा," म्हणाली. सुरुवात तिथूनच करणार आहे. पोरबंदर गेलं. लोणच्याची बरणी मात्र संपत आली, हुदलीला परत कोण जातंय का?